एक डायमर, दोन वाटा: रुथेनियम-सायमीनपासून उत्प्रेरक आणि कर्करोगाच्या पेशींवर तपासायचं संयुग

रुथेनियमचा पॅरा-सायमीन डायमर (दोन सारखे भाग जोडलेला रेणू) म्हणजे विटकरी-तांबड्या रंगाचे बारीक स्फटिक. कोरडे असले तर साध्या बाटलीत महिनोन् महिने टिकतात. याला टीएस-डीपेन हा लिगंड (धातूला धरून बसणारा रेणू) जोडला की कीटोनपासून जवळपास एकाच बाजूचं, म्हणजे फक्त डावं किंवा फक्त उजवं, अल्कोहोल देणारा उत्प्रेरक तयार होतो. असममित हायड्रोजनीकरणासाठी २००१ च्या नोबेलचे एक मानकरी ठरलेल्या र्योजी नोयोरी यांच्या कामातलीच ही फांदी. त्याच डायमरला पीटीए हा फॉस्फीन, म्हणजे फॉस्फरसने धातूला धरणारा लिगंड, जोडला की राप्टा-सी हे संयुग मिळतं. पॉल डायसन यांच्या गटाने ते २००१ मध्ये मांडलं आणि कर्करोगावरच्या रुथेनियम संशोधनात ते आज घरोघरचं नाव आहे.

दोन्हीकडे लक्ष ठेवायचं ते रुथेनियमवरच्या क्लोराइडवर. तो कधी सुटतो आणि त्याच्या जागी कोण येऊन बसतं, हे माहीत नसेल तर फ्लास्कमधला प्रयोगही फसतो आणि पेशींच्या प्लेटमधलाही. खालची कृती एमएस्सीच्या प्रकल्पाला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला पुरेल एवढ्या मापाची आहे.

डायमर

बाटली उघडण्याआधी लेबल वाचा. आपल्याला रुथेनियम ट्रायक्लोराइडचा हायड्रेट हवा. निर्जल ट्रायक्लोराइड एथेनॉलमध्ये विरघळतच नाही. रात्रभर उकळलं तरी काळी भुकटी तळाशी जशीच्या तशी. हायड्रेटमधलं पाणी बाटलीगणिक बदलतं, त्यामुळे 'ट्रायहायड्रेट' धरून काढलेले मोल हा अंदाजच असतो. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर रुथेनियमचा टक्का छापलेला असतो, साधारण ३८ ते ४२. हिशोब त्यावरून करा.

२५० मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये २ ग्रॅम हायड्रेट (ट्रायहायड्रेट धरलं तर ७.६५ मिमोल) आणि १०० मिली एथेनॉल घ्या. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, दहा मिनिटं नायट्रोजन सोडा, मग १० मिली अल्फा-फेलँड्रीन घाला. कन्डेन्सर लावून नायट्रोजनखाली चार तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड होऊन परत खाली पडेल असं उकळणं. सुरुवातीचं काळपट तपकिरी द्रावण हळूहळू नारिंगी-तांबूस होत जातं. तापवणं बंद करून फ्लास्क बाथमध्येच थंड होऊ द्या. घाईने बर्फात बुडवला तर स्फटिकांऐवजी चिखल मिळतो. सिंटर्ड फनेलवर गाळा, थोड्या गार मिथेनॉलने दोनदा धुवा, व्हॅक्यूममध्ये वाळवा. गाळलेलं द्रावण निम्म्यावर आणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की दुसरा हप्ता मिळतो. दोन्ही मिळून १.८ ग्रॅम, म्हणजे ७७ टक्क्यांच्या आसपास, हा चांगला उतारा.

सायमीनच जोडायचं तर सरळ सायमीन का घालत नाही, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. फेलँड्रीन इथे दोन कामं करतं. ते स्वतः दोन हायड्रोजन गमावून सायमीन होतं आणि त्या ओघात रुथेनियमचा ऑक्सिडीकरण अंक तीनवरून दोनवर येतो. सायमीन आधीच अॅरोमॅटिक. त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. म्हणूनच फेलँड्रीन भरपूर जास्त घालायचं, मोजून-मापून नाही.

उतारा पन्नास टक्क्यांच्या खाली आला तर आधी फेलँड्रीनवर संशय घ्या. जुनी बाटली हवेने आणि उजेडाने दाटसर होते आणि तिच्यातून तपकिरी चिकटा येतो. तो हेक्सेनने धुऊन जातो, पण गेलेला उतारा परत येत नाही. ट्रायक्लोराइड जुनं असेल तर ते संहत हायड्रोक्लोरिक आम्लात घेऊन वॉटर बाथवर दोनदा आटवा आणि मग वापरा.

एनएमआर (रेणूची ओळख पटवणारा स्पेक्ट्रम) क्लोरोफॉर्म-डीमध्ये घ्या. ५.४७ आणि ५.३४ ला दोन डब्लेट (रिंगवरचे हायड्रोजन), २.९२ ला सेप्टेट, २.१६ ला मिथिलचा सिंगलेट, १.२८ ला आयसोप्रोपिलचा डब्लेट. द्रावकाचा स्वतःचा ७.२६ चा सिग्नल सोडून सात पीपीएमच्या पुढे काही दिसलं तर सुटं सायमीन राहिलंय, पुन्हा धुवा. हाच नमुना डीएमएसओ-डी६ या द्रावकात घेतला तर रिंगचे सिग्नल ५.८ च्या आसपास सरकतात. पदार्थ खराब झाला असं वाटून लोक तो फेकतात. खरं तर डीएमएसओने डायमरचे दोन तुकडे केलेले असतात आणि तो स्वतः रुथेनियमवर जाऊन बसलेला असतो. हे ध्यानात ठेवा; पेशींच्या वेळी हाच डीएमएसओ पुन्हा आडवा येणार आहे.

पहिली वाट: उत्प्रेरक

मापं ५ मिमोल अॅसिटोफिनोनसाठी देतो, म्हणजे ६०० मिग्रॅ किंवा ०.५८ मिली. रुथेनियमच्या एका अणूमागे कीटोनचे २०० रेणू, हे प्रमाण. त्यासाठी डायमर ७.७ मिग्रॅ (०.०१२५ मिमोल, पण रुथेनियम त्याच्या दुप्पट, ०.०२५ मिमोल), एस,एस-टीएस-डीपेन १० मिग्रॅ आणि ट्रायएथिलअमाइन ७ मायक्रोलिटर. 'डायमर' हा शब्द विसरून लिगंड निम्माच घालणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक. लिगंड न मिळालेलं रुथेनियमही थोडंफार काम करतं, पण त्याला डावं-उजवं कळत नाही. मग रूपांतर छान दिसतं आणि ईई (एका बाजूचं अल्कोहोल दुसऱ्यापेक्षा किती जास्त, त्याचा टक्का) मात्र पडलेला.

हे तिन्ही ५ मिली कोरड्या, वायुमुक्त आयसोप्रोपेनॉलमध्ये ८० °से.ला तासभर ढवळा. नारिंगी द्रावण म्हणजे क्लोराइड असलेलं कॉम्प्लेक्स तयार झालं. आयसोप्रोपेनॉल व्हॅक्यूमने काढून टाका.

आता हायड्रोजन द्यायला फॉर्मिक आम्ल आणि ट्रायएथिलअमाइनचं ५:२ मिश्रण लागतं. हे ५:२ मोलचं प्रमाण आहे, आकारमानाचं नाही. १० मिली ट्रायएथिलअमाइनला ६.८ मिली फॉर्मिक आम्ल. अमाइन बर्फात ठेवा आणि आम्ल थेंबाथेंबाने सोडा. एकदम ओतलं तर पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि फ्लास्क हातात धरवत नाही. तयार मिश्रणातलं २.५ मिली उत्प्रेरकावर घाला, मग अॅसिटोफिनोन, आणि २८ °से.ला वीस तास ढवळत ठेवा. यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून फ्लास्कला घट्ट बूच लावू नका, बबलर लावा. बुडबुडे थांबले म्हणजे प्रतिक्रिया संपली असं समजू नका, नमुना काढून एनएमआर घ्या. कीटोनचा मिथिल २.६० ला, अल्कोहोलचा क्वार्टेट ४.८९ ला, पहिल्याचे तीन हायड्रोजन, दुसऱ्याचा एक, एवढा भागाकार करून रूपांतर काढा. नोयोरी आणि इकारिया यांच्या गटाने १९९६ मध्ये याच पद्धतीने ९८ टक्के ईई दाखवला होता. एस,एस लिगंडने एस-अल्कोहोल मिळतं. डावं-उजवं वेगळं करणाऱ्या कायरल एचपीएलसीवर आधी सोडियम बोरोहायड्राइडने केलेलं रेसिमिक (निम्मं डावं, निम्मं उजवं) अल्कोहोल चालवा, म्हणजे दोन्ही शिखरं कुठे येतात ते कळेल. हे न करता 'एकच शिखर, म्हणजे ९९ टक्के' असं लिहिणारे अहवाल आम्ही बाजूला ठेवतो.

फॉर्मिक आम्लाऐवजी नुसत्या आयसोप्रोपेनॉलमध्येही हे होतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड रुथेनियमच्या पाचपट आणि कीटोन ०.१ मोलर इतका पातळ, म्हणजे ५ मिमोलला ५० मिली. इथे एक गंमत डोळ्यांनी दिसते. अल्कली पडताच नारिंगी द्रावण गडद जांभळं होतं. क्लोराइड गेला, नायट्रोजनवरचा एक हायड्रोजनही गेला, आणि रुथेनियमवर एक जागा रिकामी झाली. मग आयसोप्रोपेनॉल त्या जागेत हायड्रोजन देतं आणि रंग पुन्हा नारिंगी-तांबडा होतो. जांभळा रंग आलाच नाही तर अल्कली कमी पडली किंवा द्रावकात आधीच आम्ल होतं. ही पद्धत मात्र उलट्या दिशेनेही चालते. संपल्यावर रात्रभर तशीच ठेवली तर अॅसिटोन पुन्हा हायड्रोजन घेऊ लागतो आणि ईई हळूहळू घसरतो. वेळेवर थांबवा.

दुसरी वाट: राप्टा-सी

डायमर ३०६ मिग्रॅ (०.५ मिमोल), पीटीए १५७ मिग्रॅ (१.० मिमोल), मिथेनॉल ३० मिली, नायट्रोजनखाली २४ तास रिफ्लक्स. थंड करा, गाळा, आटवून ५ मिलीवर आणा आणि ढवळत ढवळत ईथर सोडा. नारिंगी भुकटी खाली बसते. शंभर टक्के उतारा म्हणजे ४६३ मिग्रॅ.

पीटीए इथे तोलून घ्यायचं. थोडं जास्त पडलं तर दुसरा पीटीए क्लोराइडला ढकलून रुथेनियमवर चढतो आणि धनभारित, दोन पीटीएवालं कॉम्प्लेक्स मिसळतं. फॉस्फरस एनएमआरने हे लगेच पकडता येतं. राप्टा-सीचा सिग्नल क्लोरोफॉर्म-डीमध्ये उणे ३६ च्या आसपास एकटाच यायला हवा. सुटं पीटीए खूप खाली, उणे शंभरच्या आसपास असतं. ऑक्सिडीकरण झालेलं पीटीए शून्याजवळ.

पेशींकडे न्यायच्या पदार्थाचं कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन विश्लेषण हिशोबाच्या ०.४ टक्क्यांच्या आत बसलंच पाहिजे. उत्प्रेरकात दोन टक्के अशुद्धी चालून जाते. पेशींवर तीच दोन टक्के अशुद्धी सगळा परिणाम घडवू शकते आणि श्रेय तुमच्या कॉम्प्लेक्सला जातं.

पेशींआधी: द्रावणात नेमकं काय आहे?

रक्तात क्लोराइड १०० मिलिमोलरच्या आसपास असतो, पेशीच्या आत मात्र ४ ते २० च्या टप्प्यात. सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्या कर्करोगविरोधी औषधाचं सगळं गणित यावर उभं आहे. बाहेर भरपूर क्लोराइड असल्यामुळे तो रेणू शाबूत राहतो, आत गेल्यावर क्लोराइड सुटून पाणी जोडलं जातं आणि तो डीएनएला चिकटतो. तुमचं कॉम्प्लेक्स कसं वागतं हे पाहायला एक सकाळ पुरते. १०० मायक्रोमोलरची तीन द्रावणं करा: नुसतं पाणी, ४ मिलिमोलर मीठ, १०० मिलिमोलर मीठ. ३७ °से.ला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम पहिला तासभर दर पाच मिनिटांनी आणि मग तासाला एक असा घ्या. राप्टा-सी नुसत्या पाण्यात क्लोराइड सोडतं, १०० मिलिमोलर मिठात हे रोखलं जातं. वक्र एकाच बिंदूतून जात राहिले तर एकाच पदार्थाचं दुसऱ्या एकाच पदार्थात रूपांतर होतंय. बिंदू सुटला किंवा तळरेषा वर सरकली तर काहीतरी तुटतंय किंवा साका बसतोय.

आता डीएमएसओ. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत न विरघळणाऱ्या प्रत्येक गोष्टीवरचं ते रामबाण औषध, आणि धातूच्या कॉम्प्लेक्सचा शत्रू. तो गंधकाच्या बाजूने धातूला धरतो आणि क्लोराइड हाकलतो. सिस्प्लॅटिन डीएमएसओत विरघळवलं की त्याची मारकक्षमता घसरते. २०१४ मध्ये यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, तरीही डीएमएसओतल्या स्टॉकने (आधी करून ठेवलेल्या संहत द्रावणाने) केलेले आकडे छापून येतच असतात. सिस्प्लॅटिनचा स्टॉक ०.९ टक्के सलाइनमध्ये, १ मिग्रॅ प्रति मिली (३.३ मिलिमोलर), फॉइलमध्ये गुंडाळून, त्याच दिवशी वापरायचा. राप्टा-सी पाण्यात विरघळतं, त्याला डीएमएसओची गरजच नाही. तुमचं संयुग डीएमएसओशिवाय विरघळतच नसेल, तर आधी डीएमएसओ-डी६ मधला एनएमआर शून्य, एक आणि २४ तासांनी घ्या आणि जे दिसेल ते खरं मानून चाला.

तुलनेसाठी सिस्प्लॅटिन विकत घ्या, करत बसू नका; ते स्वतः कर्करोगजनक मानलं जातं. पण त्याची कृती वाचण्यासारखी आहे. धारा यांनी १९७० मध्ये इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्रीत दिलेली पद्धत आजही वापरात आहे. प्लॅटिनमवर आधी आयोडाइड चढवायचे, मग अमोनिया, म्हणजे दोन्ही अमोनिया शेजारीशेजारीच बसतात; नंतर सिल्व्हर नायट्रेटने आयोडाइड काढून क्लोराइड परत आणायचे.

प्लेट

एमसीएफ-७, हेला, ए५४९ या कर्करोगाच्या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, संग्रहातून मिळतात. राप्टाच्या कामात नेहमी दिसणारी जोडी ए२७८० आणि तिची सिस्प्लॅटिनला न जुमानणारी बहीण ही ब्रिटनच्या ईसीएसीसी संग्रहातली. पेशी कुठूनही आणा, मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूची) तपासणी केल्याशिवाय प्लेट लावू नका.

९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये आतल्या ६० वेलमध्येच पेशी घाला, वेलमागे ५,००० पेशी १०० मायक्रोलिटर मीडियममध्ये. कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं पीबीएस (खारट बफर द्रावण), कारण तिथलं पाणी तीन दिवसांत उडतं आणि डोस नकळत वाढतो. पेशी चिकटायला २४ तास द्या. राप्टा-सी ४.६ मिग्रॅ १० मिली मीडियममध्ये विरघळवून १ मिलिमोलर करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आणि निम्म्या-निम्म्याने पातळ करत आठ पायऱ्या करा. प्रत्येक पायरीचे १०० मायक्रोलिटर वेलमध्ये, म्हणजे सर्वात वरचा डोस ५०० मायक्रोमोलर. हे द्रावण करून तासभर गप्पा मारत बसू नका. मीडियममधले हिस्टिडीन, सिस्टीन आणि सीरममधले प्रथिन लगेच धातूला धरू लागतात. एका प्लेटला दहा मिनिटांत आणि दुसरीला दोन तासांनी डोस दिला तर त्या दोन प्लेट एकाच प्रयोगातल्या राहत नाहीत.

७२ तासांनी वेलमागे २० मायक्रोलिटर एमटीटी (जिवंत पेशी ज्याचा जांभळा रंग करतात ते रसायन; पीबीएसमध्ये ५ मिग्रॅ प्रति मिली), ३७ °से.ला तीन-चार तास. तळाशी जांभळ्या सुया दिसल्या की मीडियम अलगद काढा, १०० मायक्रोलिटर डीएमएसओ घाला (इथे तो चालतो, पेशींचं काम संपलेलं असतं), हलवा आणि ५७० नॅनोमीटरला वाचा. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या पॅसेजच्या (वाढवलेल्या पिढ्यांच्या) पेशींवर केलं तरच तो 'एन बरोबर तीन'. एका प्लेटवरच्या तीन शेजारी वेलना तीन प्रयोग म्हणू नका.

एक कॉलम बिनपेशींचा ठेवा: मीडियम, कॉम्प्लेक्स आणि एमटीटी. इथे जांभळा रंग आला तर कॉम्प्लेक्स स्वतःच एमटीटीचं क्षपण करतंय आणि मेलेल्या पेशीही जिवंत म्हणून मोजल्या जाताहेत. हायड्रोजन इकडून तिकडे नेणं हाच ज्यांचा धंदा, त्या रुथेनियम कॉम्प्लेक्सबाबत ही शंका अगदी रास्त आहे. अशा वेळी एमटीटी सोडून एसआरबी करा. तो पेशींमधलं प्रथिन रंगवतो, क्षपणाशी त्याचा संबंध नाही. खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातली कर्करोगविरोधी औषधांची चाचणी-सुविधा एसआरबीनेच चालते.

आणि आकडा वाचताना राप्टा-सीची गोष्ट आठवा. प्लेटमध्ये ते जवळजवळ निरुपद्रवी दिसतं, आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारा डोस) शेकड्यांच्या मायक्रोमोलरमध्ये जातो, तर सिस्प्लॅटिन ए२७८० वर एकेरी आकड्यात. तरीही उंदरांमध्ये स्तनाच्या गाठीपासून फुप्फुसात पसरणाऱ्या गाठी त्याने कमी केल्या. पेशी किती मेल्या एवढंच मोजणाऱ्या चाचणीला पसरणं थांबलं की नाही हे दिसणारच नाही. 'निरोगी पेशी' म्हणून एचईके-२९३ घेऊन निवडकता काढायची पद्धतही रूढ आहे. ती पेशी अमर करून घेतलेली आहे, निरोगी नाही, एवढं तरी लिहा.

कचऱ्याचं एक सांगून ठेवायलाच हवं. पेशींच्या खोलीत सगळ्यावर ब्लीच ओतायची सवय असते. रुथेनियमच्या संहत स्टॉकवर किंवा काळपट फ्लास्कवर हायपोक्लोराइट पडला तर रुथेनियम टेट्रॉक्साइड होऊ शकतो. तो उडतो, डोळ्यांना आणि श्वासाला घातक असतो. स्टॉक आणि फ्लास्क धुतलेलं पाणी वेगळ्या, 'रुथेनियम' लिहिलेल्या बाटलीत. ब्लीच फक्त पेशींच्या मीडियमला.

दोन्ही वाटा जिथे मिळतात तो प्रयोग

टीएस-डीपेनचा साधा भाऊ टीएस-ईएन. तो जोडलेली रुथेनियम-अरीन कॉम्प्लेक्स ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठातल्या पीटर सॅडलर यांच्या गटाने २०१५ मध्ये पेशींना दिली आणि सोबत सोडियम फॉर्मेट दिलं. फ्लास्कमध्ये फॉर्मिक आम्ल जे करतं तेच फॉर्मेटने पेशीत केलं: हायड्रोजन एनएडीवर (पेशीत हायड्रोजन वाहून नेणाऱ्या रेणूवर) चढवला, एनएडीएच वाढला आणि कॉम्प्लेक्सची मारकक्षमता वाढली.

हे करून पाहायचं तर कॉम्प्लेक्सचा डोस आयसी-५० च्या एक-तृतीयांशावर ठेवा, म्हणजे एकट्याने फारसं काही होणार नाही. फॉर्मेट ०.५, १ आणि २ मिलिमोलर. चार गट लागतात: काहीच नाही, नुसतं फॉर्मेट, नुसतं कॉम्प्लेक्स, दोन्ही. पाचवा गट अनेक जण विसरतात, तो म्हणजे सोडियम फॉर्मेटइतकंच सोडियम क्लोराइड आणि कॉम्प्लेक्स. मीठ वाढलं म्हणून फरक पडला की हायड्रोजन मिळाला म्हणून, ते त्यावरून कळतं. मोजणी अर्थातच एसआरबीने. इथे एमटीटी वापरला तर ज्या क्षपणाचा तपास चाललाय त्यानेच रंग दिलेला असेल. आणि आधी कुपीत, पेशींशिवाय, पीएच ७.२ ला, ३७ °से.वर एनएडी, फॉर्मेट आणि कॉम्प्लेक्स एकत्र करून ३४० नॅनोमीटरला एनएडीएच वाढतो का ते बघा. कुपीत रेषा सपाट राहिली तर प्लेट लावण्यात अर्थ नाही.